आबांची पॉलिसी मोडू नका, पण हप्त्याचा हिशेब मागा

पत्र

नमस्कार. आम्ही तासगावचे. मिस्टरांचं बेदाण्याचं अडत दुकान आहे. सासरे, म्हणजे आबा, ७१ वर्षांचे आणि सासूबाई ६६. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, आम्ही दोघांची मिळून पाच लाखांची आरोग्य पॉलिसी काढली. आबांना शुगर तेव्हाही होती आणि ती फॉर्मवर लिहिली होती. बीपी मात्र २०२३ मध्ये निघालं. पाच वर्षांत एकच क्लेम झाला, सासूबाईंच्या मोतीबिंदूचा. गेल्या मे महिन्यात आम्ही ४८,३८० रुपये भरले. यंदाची नोटीस ४६,९०० ची आहे. सगळे म्हणतात जीएसटी माफ झाला, मग दीडच हजार कमी कसे? त्यात पॉलिसींची तुलना करणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीतून एका मुलाचा रोज फोन येतो. म्हणतो, "नियम बदललेत, जुनी सोडा. ३९ हजारांत दहा लाखांची नवी देतो. शुगर-बीपी लिहायची गरज नाही, आता कंपनीला क्लेम नाकारताच येत नाही." मिस्टरांचे मित्र वेगळंच सांगतात. सत्तरीच्या पुढच्यांचं सरकारी कार्ड काढा आणि हप्ताच बंद करा, असं त्यांचं म्हणणं. आणि आमची स्वतःची, म्हणजे आम्ही दोघं आणि मुलं, तीन लाखांची पॉलिसी आहे, ती वाढवावी का? डोकं चक्रावलंय.
— एक सूनबाई, तासगाव

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक करा. रिन्युअलची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा आणि ती चुकू देऊ नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते खरी. पण ती पॉलिसी तुटू नये एवढ्यापुरतीच. हप्ता न भरलेल्या त्या दिवसांत आबांना ॲडमिट करावं लागलं, तर खर्च आपल्याच खिशातून जातो. कंपनीशी भांडायचं असेल तरी हप्ता भरून भांडा.

आता हिशेब. तुम्ही आकडे नीट दिलेत म्हणून बरं झालं, कारण खरी गोष्ट त्यातच दडलेली आहे. गेल्या वर्षीच्या ४८,३८० मध्ये मूळ हप्ता ४१,००० होता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७,३८०. जुनी पावती काढून बघा, हेच आकडे दिसतील. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला जीएसटी परिषदेने वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर काढायचं ठरवलं आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शून्य झाला. कुटुंबाची फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी आणि ज्येष्ठांची पॉलिसी, दोन्ही त्यात आल्या. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीला ही माफी नाही. म्हणजे मूळ हप्ता जागेवरच राहिला असता, तर यंदा तुम्हाला ४१,००० भरायचे होते. नोटीस ४६,९०० ची आहे, म्हणजे मूळ हप्त्यातच ५,९०० रुपयांची वाढ झाली. टक्क्यांत ती चौदाच्या वर जाते. कर गेल्यामुळे एकूण रक्कम खाली आल्यासारखी दिसते, आणि त्या आडून वाढ गुपचूप आत शिरली.

कंपन्यांचं म्हणणं असं, की कर शून्य झाल्यावर त्यांनी स्वतःच्या खर्चावर, म्हणजे कमिशन, ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर यांवर भरलेल्या जीएसटीची वजावट त्यांना मिळेनाशी झाली. हे खोटं नाही. पण एवढ्याने चौदा टक्के होत नाहीत.

इथे दुसरा नियम तुमच्या कामाचा आहे. ३० जानेवारी २०२५ ला विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इरडाने, कंपन्यांना बजावलं, की साठीच्या पुढच्या माणसांच्या आरोग्य पॉलिसीचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी लागेल. ४१,००० चे दहा टक्के ४,१००, म्हणजे ४५,१०० पर्यंत. त्यावरचे १,८०० रुपये कुठून आले? कंपनी बहुधा सांगेल, की आबांनी सत्तरी ओलांडली, वयाचा टप्पा बदलला, म्हणून दर बदलला. हे कारण तोंडी ऐकून घेऊ नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दोन ओळींचा ईमेल टाका:

"पॉलिसीच्या मूळ हप्त्यात ५,९०० रुपयांची वाढ झाली आहे. त्यातील वयाचा टप्पा बदलल्यामुळे किती आणि दर वाढवल्यामुळे किती, हे लेखी कळवावे. ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार या वाढीबाबत प्राधिकरणाशी सल्लामसलत झाली आहे का, हेही कळवावे."

एवढंच. रागाचा एक शब्दही नको. चौदा दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर इरडाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार घाला, किंवा १५५२५५ वर फोन करा. पैसे परत मिळतील, अशी हमी मी देणार नाही. पण लेखी प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाची फाइल कंपनी जरा जपून हाताळते, हे मी बरेचदा पाहिलंय.

आता त्या फोनवाल्या मुलाकडे वळू. तो पूर्ण खोटं बोलत नाही, आणि तीच पंचाईत आहे. नियम खरंच बदललेत. एप्रिल २०२४ पासून आरोग्य पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांच्या क्लेमसाठी कंपनीला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवता येतं, पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. दुसरा बदल त्याहून मोठा. पॉलिसी सलग साठ महिने चालली, की त्यानंतर "तुम्ही अमुक आजार लपवलात" या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फक्त फसवणूक सिद्ध केली तरच येतो. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागायची.

साठ महिने, ताई. म्हणजे पाच वर्षं. आबांची पॉलिसी मे २०२१ ची, आणि मे २०२६ मध्ये साठ महिने भरतात. ज्या महिन्यात तुमच्या हातात हे कवच पक्कं पडतं, नेमकं त्याच महिन्यात तो मुलगा तुम्हाला ते फेकून शून्यापासून सुरुवात करायला सांगतोय. त्याच्या टार्गेटला काय, नवी पॉलिसी विकली की झालं.

नव्या पॉलिसीत आबांच्या शुगरला पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. आणि बीपी बघा. सध्याच्या पॉलिसीच्या दृष्टीने ते पॉलिसी घेतल्यानंतर निघालेलं आहे, म्हणजे आधीचा आजार नव्हेच. त्यासाठी जुन्या कंपनीला एक दिवसही थांबायला सांगता येत नाही. तेच बीपी नव्या कंपनीच्या लेखी "आधीचा आजार" होऊन बसेल. ७१ वर्षांच्या, शुगर आणि बीपी असलेल्या माणसाला तीन वर्षं हे अर्धं उघडं छत्र कशाला द्यायचं?

आणि "शुगर लिहायची गरज नाही" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवून द्यायचा. मिरजेत एका ओळखीच्या कुटुंबाचा असाच फोनवर भरलेला फॉर्म मी पाहिला होता. मधुमेह: नाही. रक्तदाब: नाही. नियमित औषधं: नाही. मागील शस्त्रक्रिया: नाही. ओळीने सगळीकडे "नाही", आणि खाली छापलेलं, की वरील माहिती अर्जदाराने स्वतः दिली असून ओटीपीने खातरजमा केली आहे. ओटीपी सांगणं ही सही असते, हे त्या काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढे ॲडमिट झाल्यावर डॉक्टरांनी केसपेपरवर पहिलीच ओळ लिहिली, "नोन केस ऑफ डायबेटिस", आणि पुढे किती वर्षांपासून तेही. कंपनी तो केसपेपर मागवतेच. मग फोनवरचा मुलगा सापडत नाही. त्याने कुठल्याही कागदावर काही लिहून दिलेलं नसतं.

उलट खरं लिहिलेलं किती उपयोगी पडतं, याचं उदाहरण थेट सर्वोच्च न्यायालयातलं आहे. एका गृहस्थांनी परदेशवारीसाठी मेडिक्लेम घेतला आणि आपल्याला मधुमेह आहे हे फॉर्मवर सांगितलं. परदेशात हृदयाचा त्रास होऊन अँजिओप्लास्टी करावी लागली. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेत होतात ते सांगितलं नाहीत, क्लेम नामंजूर. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने निकाल त्या गृहस्थांच्या बाजूने दिला. प्रकृतीची माहिती समोर असताना पॉलिसी दिली, मग आता त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. तुम्ही २०२१ च्या फॉर्मवर शुगर लिहिली, ते फार शहाणपणाचं केलंत. त्या फॉर्मची प्रत पॉलिसीच्या कागदांत असते. नसेल तर आत्ताच कंपनीकडून मागवून घ्या.

कंपनीच बदलायची असेल, तर "नवी पॉलिसी" न घेता "पोर्ट" करायचं. हा हक्क २०११ पासून आहे. पोर्ट केलं, की आबांची पाच वर्षं नव्या कंपनीकडेही मोजली जातात. मात्र जुन्या पाच लाखांपुरतीच. वरच्या पाच लाखांना नव्याने थांबावं लागतं, हे तो मुलगा सांगणार नाही. पोर्टचा अर्ज केला, की जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची आणि नव्या कंपनीने पाच दिवसांत हो की नाही कळवायचं, असा नियम आहे. पण नवी कंपनी "नाही" म्हणू शकते. शुगर, बीपी आणि वय एकाहत्तर बघितल्यावर तेच होण्याची शक्यता जास्त. म्हणून करायचंच असेल, तर रिन्युअलच्या दीडएक महिना आधी अर्ज टाका आणि लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. एवढं करूनही माझं मत विचाराल, तर आबांसाठी नकोच.

३९ हजारांत दहा लाख कसे परवडतात, याचं उत्तर बारीक अक्षरांत असतं. बेदाण्याच्या सौद्यात तुमचे मिस्टर बॉक्स उघडून, मूठभर माल हातावर घेऊनच बोली लावत असतील. पॉलिसीचा बॉक्सही तसाच उघडून पाहायचा. प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं, दोन-चार पानांचं, आणि मागितलं तर ते मराठीतही द्यावं लागतं. त्यात तीन गोष्टी शोधा. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? को-पे किती? ज्येष्ठांच्या स्वस्त पॉलिसींत वीस टक्के को-पे सर्रास दिसतो, म्हणजे दोन लाखांच्या बिलात चाळीस हजार आपले. आणि मोतीबिंदू, गुडघा, हर्निया यांना वेगळी मर्यादा आहे का? खोलीभाड्याची मर्यादा सगळ्यात फसवी. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, की फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात.

तुलना करणाऱ्या वेबसाइट बेकायदा नाहीत, त्यांना इरडाचा परवाना असतो. दर बघायला त्या जरूर वापरा. पण विक्री झाली तरच त्यांना पैसे मिळतात, हे लक्षात ठेवून वापरा. इरडाच्या पुढाकाराने "बिमा सुगम" नावाचा सामायिक विमा बाजार उभा राहतोय. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वेबसाइट सुरू झाली. सुरुवातीला ती माहितीपुरतीच होती. खरेदी, रिन्युअल आणि क्लेम टप्प्याटप्प्याने आणायचे असं ठरलेलं आहे. ते सगळं एका जागी आलं, तर असल्या फोनांचा धंदा थोडा बसेल अशी आशा आहे. "इरडातून बोलतोय" म्हणून कोणी पॉलिसी किंवा बोनसचं सांगायला लागलं, तर तो भामटा समजा. इरडा पॉलिसी विकत नाही.

आता सरकारी कार्ड. मिस्टरांच्या मित्राचा पहिला अर्धा सल्ला बरोबर आहे: आबांचं कार्ड काढाच. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून. आधारवरचं वय धरतात. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळतं, दोन्ही ठेवता येतात. सासूबाई ६६ च्या, त्या त्यात बसत नाहीत. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आहे. रेशन कार्ड पांढरं असलं तरी चालतं, आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली.

मित्राचा दुसरा अर्धा सल्ला मात्र नको. सरकारी योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी असते, ठरलेली पॅकेज असतात, ठरलेली रुग्णालयं असतात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, पण तिथलं प्रत्येक रुग्णालय योजनेत नाही, आणि जे आहे ते प्रत्येक आजारासाठी नाही. एक दिवस वेळ काढा. आबांना नेहमी जिथे दाखवता, त्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल आहे का बघा, आणि असेल तर त्याला विचारा, हृदयाचं, मेंदूचं, कॅन्सरचं इथे योजनेत काय काय होतं. आजारपण नसताना विचारलेलं बरं. ॲडमिशनच्या रात्री तो टेबलावर भेटेलच असं नाही. शंका असली तर फुले योजनेचा नंबर १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५.

कॅशलेसबद्दल, म्हणजे रुग्णालयाचं बिल कंपनीने परस्पर भरण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मे २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिल गेल्यापासून तीन तासांत मंजुरी द्यायची. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात सकाळी दहाला डॉक्टरांनी "घरी जा" म्हटलेला पेशंट संध्याकाळी सहापर्यंत कॉटवर बसून असतो आणि नातेवाईक बिलिंगच्या काउंटरवरून टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या, खिडकीकडे खेपा घालत असतात. कंपनी म्हणते बिल आलं नाही, रुग्णालय म्हणतं केव्हाच पाठवलं. म्हणून बिल कंपनीला किती वाजता गेलं, ते टीपीए डेस्कवरच्या माणसाकडून विचारून घ्या आणि तिथल्या तिथे कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून नोंदवा. तक्रार करायची वेळ आली, तर ती एक वेळच कामाला येते.

आणि क्लेम नाकारलाच, तर निराश होऊन बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायचं. सांगली जिल्हा त्यांच्याकडे येतो. फी नाही, वकील नाही. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. लोकपालांनी निकाल दिला आणि कंपनीने तीस दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये तिने ग्राहकाला द्यायचे, असाही नियम झालाय.

राहता राहिली तुमची स्वतःची पॉलिसी. हो, वाढवा, आणि याच रिन्युअलला वाढवा. तीन लाख आता पुरत नाहीत. अपघात झाला आणि आठवडाभर आयसीयूत राहावं लागलं, तरी संपतात. वाढवलेल्या रकमेला स्वतंत्र प्रतीक्षा काळ असतो आणि तिचे साठ महिनेही वाढवल्या दिवसापासूनच मोजायला सुरुवात होते. तुम्ही दोघं तब्येतीने ठणठणीत आहात तोवर ते घड्याळ सुरू झालेलं चांगलं. मूळ पॉलिसी दहा लाखांची करणं महाग पडत असेल, तर ती पाच लाखांची करून वर सुपर टॉप-अप घ्या. पाच लाखांच्या पुढचाच खर्च तो देतो, म्हणून त्याचा हप्ता बराच कमी असतो. फॉर्म मात्र दोघांनी शेजारी बसून स्वतः भरा, मिस्टरांच्या तंबाखूच्या रकान्यासकट.